आंबागडचं इंजिन

माझ्या धाकट्या भावाची पिकअप गाडी बंद पडली त्या दिवशी तिच्यावर एका तेरवीचं सामान होतं. भाऊ सिहोऱ्याला बिछायत केंद्र चालवतो. लग्न असो, तेरवी असो की कोणाच्या नातवाचा वाढदिवस, मांडवाच्या पाइपा, सतरंज्या, खुर्च्या, कढया आणि पाण्याचे गुंड तो भाड्यानं देतो. ते सगळं वाहून नेणारी ही गाडी सोळा वर्षांची होती, आणि भावाकडे येण्याआधी तिनं दोन मालक पाहिले होते. तुमसरच्या अलीकडच्या चढावर तिनं आधी पांढरा धूर सोडला, मग निळा, मग काळा, आणि दाखवण्यासारखा रंग उरला नाही तेव्हा गप्प झाली. तेरवीवाल्यांनी ट्रॅक्टर पाठवून आपलं सामान नेलं. दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून भावानं गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीचं गॅरेज तुमसरच्या रस्त्याला आहे. त्यानं इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि ते बोट आम्हाला दाखवलं. बोटावर काय पाहायचं ते मला कळलं नाही, पण मी मान हलवली. या इंजिनाचे सिलिंडर आधी दोनदा घासून मोठे केले होते आणि तिसऱ्यांदा घासायला लोखंडच शिल्लक नव्हतं. म्हणजे इंजिन बदलायचं. कंपनीतून नवं आणलं तर तेवढ्यात इंजिनासकट गाडी येते, हे मिस्त्रीनंच सांगितलं. राहिलं जुनं, कोणत्या तरी दुसऱ्या गाडीतून काढलेलं.

हे मार्चमधलं. अक्षय तृतीयेपासून आमच्याकडे लग्नांची रांग लागते आणि भावानं ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. तोवर गाडी उभी राहिली नाही तर ऑर्डरी गावातल्या दुसऱ्या बिछायतवाल्याकडे जाणार हे उघड होतं. भाऊ पूर्वी त्याच माणसाकडे रोजीनं पाइपा उचलायला जायचा. सहा वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडून त्यानं स्वतःचा धंदा मांडला होता. पुन्हा त्याच दारात जायची वेळ येईल ही भीती त्यानं बोलून दाखवली नाही, फक्त जेवण कमी केलं. आईनं ते पाहिलं आणि मला भंडाऱ्याला फोन केला.

मी भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे ते कोणत्याही कचेरीत बसेल. माझं काम खिडकीतलं. आलेल्या अर्जात काय कमी आहे ते शोधायचं आणि लाल शाईनं लिहायचं. आम्ही त्याला त्रुटी म्हणतो. खिडकीला बारीक जाळी आहे, खाली कागद सरकवायला फट आहे, त्यामुळे मला माणसं फारशी दिसत नाहीत, हात दिसतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका मुरलेल्या बाबूंनी मला कामाची पद्धत शिकवली होती. एका वेळी एकच त्रुटी काढायची. सगळ्या एकदम सांगितल्या तर माणूस सगळ्या एकदम पूर्ण करून आणतो, आणि मग सही करावी लागते. सही केली की जबाबदारी आली. त्रुटी काढली म्हणून कोणाची चौकशी झाल्याचं आजवर ऐकिवात नाही.

या अनुभवाच्या जोरावर मी भावाच्या इंजिन निवड समितीचा अध्यक्ष झालो. नेमणूक माझी मीच केली. भावाला माझा सल्ला नको असेलही, पण मी मोठा, मी शिकलेला, आणि वर महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा. अशा माणसाला आमच्या घरी नाही म्हणायची सोय नसते.

पहिल्या रविवारी मी, भाऊ आणि मिस्त्री नागपूरच्या भंगार बाजारात गेलो. मी वही नेली होती. तिथली माती तेल पिऊन काळी पडलेली आणि तिच्यावर ओळीनं मांडलेली इंजिनं, प्रत्येकावर खडूनं काहीतरी खूण केलेली. दुकानदार इंजिनाला बॅटरी लावायचा, बाटलीतून डिझेलची नळी सोडायचा, आणि गाडीबिडी काही नसताना ते इंजिन जमिनीवरच थडथडत चालू व्हायचं. "डॉक्टर साहब की गाड़ी का है, हफ्ते में एक दिन निकलती थी," असं तो प्रत्येक इंजिनाबद्दल सांगायचा. नागपुरातल्या इतक्या डॉक्टरांनी मालवाहू गाड्या का घेतल्या होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

मिस्त्रीची परीक्षा साधी होती. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढायचं आणि भोकावर तळहात धरायचा. आतून वाफ हाताला ढकलायला लागली की इंजिन आतून झिजलं आहे असं समजायचं. डॉक्टरांच्या बहुतेक इंजिनांनी त्याचा हात चांगलाच ढकलला. एका इंजिनावर मात्र त्यानं हात बराच वेळ ठेवला आणि भावाकडे पाहून डोळे मिचकावले. दुकानदार अभिमानानं म्हणाला, एक्सीडेंट का है, दो साल भी नहीं चला. मी पुढे झालो, इंजिनाचा नंबर पाहिला आणि म्हणालो की शेवटचा आकडा पुसट आहे, आरटीओत अडचण येईल. आम्ही परत आलो.

दुसऱ्या रविवारी दुसरं दुकान. तिथलंही चांगलं इंजिन अपघाताच्या गाडीचं निघालं. त्याचा नंबर ठसठशीत होता, म्हणून मी विचारलं की मूळ गाडीचे कागद कुठे आहेत. कागद अर्धे होते. तिसऱ्या रविवारी एका दुकानदारानं पूर्ण कागद समोर ठेवले, तेव्हा मी इंजिनाखालची तेलाची टाकी चेपल्याचं वहीत लिहिलं. ती टाकी दोन तासांत बदलता येते हे मिस्त्रीनं मला समजावलं, आणि मग त्यानं धंद्यातली गोष्ट सांगितली.

"बाबूजी, चांगलं इंजिन पाह्यजे असन तं अपघाताच्या गाडीचंच घ्या लागते. मोडीतल्या गाडीचं इंजिन पयले मरते, मंग गाडी मरते. अपघातात गाडी मरते, इंजिन जित्तं रायते."

हे तर्काला धरून होतं, म्हणून मला त्याचा राग आला. घरी येताना बसमध्ये मी त्याला कागदपत्रांच्या नियमांचे दोन मुद्दे ऐकवले. तो खिडकीबाहेर पाहत बसला. सिहोऱ्याला उतरल्यावर माझी पिशवीसुद्धा भावानंच उचलली, हे मला जास्त लागलं.

रात्रीच्या जेवणाला आई वाढत होती. तिनं तीन रविवारांची हकिकत भावाकडून ऐकली होती. माझ्या ताटात भात घालता घालता ती म्हणाली, "तुले मेल्या मानसाच्या गाडीचं भेव वाटून राह्यलं. तसं सांग नं. नंबराचं नाव कायले घेतं?"

आता आमचं घर कसं आहे ते सांगायला हवं. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले देव तलावात नेऊन सोडले. तेव्हापासून या घरात पंचांग आलं नाही, मुहूर्त पाहिला गेला नाही, कोणाच्या अंगात आलं नाही. आणि त्या घरातला सगळ्यांत कडवा माणूस मी. मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या माणसाशी मी भररस्त्यात वाद घातला आहे. शेजाऱ्याच्या दुकानावरचं लिंबू-मिरची मी स्वतः तोडलं आहे, आणि त्यापायी आमचं बोलणं वर्षभर बंद होतं. अशा माणसाला त्याच्या आईनं जेवताना हे ऐकवावं! मी ताट सरकवलं आणि अंगणात जाऊन बसलो.

तिथं बसून मी स्वतःशी बराच भांडलो. पण आईचं खरं होतं. त्या इंजिनांपाशी उभा राहिलो की मला वाटायचं, हे चालू होतं तेव्हा ह्याच्या मागे कोणी तरी बसलेलं होतं. मग डोळे आपोआप नंबराकडे जायचे. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे सांगायची त्याहून जास्त भीती वाटत होती. लिंबू-मिरचीवाला शेजारी माझ्यापेक्षा बरा, तो निदान आपली भीती दाराला टांगून ठेवतो.

सकाळी भावानं मला बसस्टँडवर सोडलं. बस आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, लग्नं सुरू व्हाले तीन हप्ते राह्यले." मी म्हणालो, पुढचं इंजिन मिस्त्री म्हणेल ते. मी तोंड उघडणार नाही.

पुढचं इंजिन नागपूरला नव्हतंच. मिस्त्रीला कुठून तरी कळलं की आंबागडला एका बाईच्या अंगणात आपल्याच बनावटीची पिकअप उभी आहे. तिचा नवरा ती चालवायचा. दीड वर्षापूर्वी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तो मागे, रस्त्याकडच्या बाजूनं दोर बांधत होता आणि मागून ट्रक आला. गाडीचा मागचा भाग चेपला, पुढचा जसाच्या तसा राहिला. माणूस मागे होता.

आम्ही तिघं दोन मोटारसायकलींवर गेलो. मुलगी पाहायला जाताना असतो तसा आमचा थाट होता. भावानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, मिस्त्रीनं हात केरोसिननं धुतले होते, मी वही घेतली होती. वाटेत मिस्त्रीनं बजावलं की इंजिन कितीही आवडलं तरी तोंडावर दाखवायचं नाही, दोन-चार दोष काढायचे, म्हणजे भाव उतरतो. त्यासाठी योग्य माणूस सोबत आहे, असंही तो म्हणाला.

घर किल्ल्याच्या डोंगराखाली, गावाच्या टोकाला होतं. अंगणात ताडपत्रीवर मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड उग्र वास सुटला होता, आणि त्याच अंगणात एका बाजूला गाडी होती. मागून ती दुमडल्यासारखी दिसत होती. पुढून मात्र काच पुसलेली, दिवे पुसलेले. बाई पस्तिशीच्या आतबाहेरची असेल. तिनं आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि एकेकाकडे नीट पाहून घेतलं. माझ्याकडे ती जरा जास्त वेळ पाहत होती. माझ्या वहीमुळे असेल, असं मला वाटलं.

मग तिनं कमरेची किल्ली काढली आणि स्वतःच गाडीत चढून बसली. किल्ली अर्धी फिरवून ती थांबली, ओठ हलवत मनात काही मोजलं, मग पूर्ण फिरवली. इंजिन पहिल्याच हिसक्याला लागलं. आवाज असा एकसारखा होता की मोहफुलं वेचणाऱ्या कोंबडीनंसुद्धा मान वर केली नाही. मिस्त्रीनं तेलाचं झाकण काढलं, भोकावर हात धरला, आणि तोंडावर काही दाखवायचं नाही हे स्वतःच विसरला. त्याचा चेहरा मी पाहिला. मला पुढे होणं भाग होतं. म्हटलं, नंबर पाहावा लागेल. बाई उतरली आणि बोनेटखाली बोट दाखवलं. नंबर घासूनपुसून आधीच लख्ख करून ठेवलेला होता.

रोज सकाळी चालू करते, असं तिनं सांगितलं. नवरा म्हणायचा की डिझेलचं इंजिन बसून राहिलं की बसतंच. म्हणून दीड वर्ष रोज, पाच मिनिटं. मी वही मिटली. काढायला काहीच नव्हतं.

आम्ही किमतीचं बोलणं सुरू करणार, तर विचारायला तीच लागली. घेणार कोण, तिनं विचारलं. भाऊ म्हणाला, मी. गाडी कोण चालवतं? मीच. सामान कोण भरतं? दोन मजूर असतात, पण बांधतो मीच. तिनं भावाच्या तळहातांकडे पाहिलं.

"दोर बांधाच्या येळी कोन्या बाजूनं उभे रायता?"

आम्ही मायलेज सांगायला तयार होतो, कागद सांगायला तयार होतो, भाव पाडायला तयार होतो. हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मोहफुलांकडे. भाऊ खोटं बोलू शकला असता, मी असतो तर बोललो असतो.

"रस्त्याच्या बाजूनं," तो म्हणाला. "दोराचे आकडे तिकडंच हायत."

"मंग नाही देत," ती म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचून चहा ठेवायला आत गेली.

चहा बिनदुधाचा होता. मिस्त्रीनं भाव वाढवून पाहिला. तिनं ऐकूनच घेतलं नाही. याआधी तिघं येऊन गेले होते, त्यातल्या दोघांनी तिला आपण गाडीतून उतरतच नाही असं सांगितलं होतं. ते खोटं आहे हे तिला कळलं होतं, कारण दोर बांधणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात. तिसऱ्यानं हसून विचारलं होतं की इंजिन विकता की जावई शोधता. आम्ही कप ठेवले आणि उठलो. मुलगी पाहायला गेलो होतो, आणि नापसंत होऊन परत आलो.

वाटेत मी भावावर चिडलो. एवढं खरं बोलायची काय गरज होती, असं मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आवाजात त्याला विचारलं.  गॅरेजला पोचल्यावर त्यानं मिस्त्रीला वेल्डिंगचं यंत्र काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडीच्या उजव्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूचे सगळे आकडे कापून डावीकडे लावून झाले होते. उजवीकडे त्यांच्या जागी जाड कड्या बसल्या आणि कड्यांत दोर कायमचे अडकवले. आता दोर सामानावरून पलीकडे फेकायचा आणि गाठ डाव्या बाजूनंच, रस्ता सोडून कडेला उभं राहून मारायची. उजवीकडे बांधायला काही ठेवलंच नाही. भावानं फोटो काढून तिला पाठवले. तिचा निरोप आला की फोटोत कोणाचीही गाडी असते. निरोप ऐकून माझ्यातल्या कारकुनानं मनात तिला दाद दिली.

रविवारी ती मोहफुलाची पोती घेऊन तुमसरला आली आणि तिथून गॅरेजला. तिनं एकेक कडी हातानं ओढून पाहिली. भावाला दोर फेकून गाठ मारून दाखवायला लावलं. इंजिन नसलेल्या रिकाम्या गाडीवर आमच्या बिछायतवाल्यानं हवेचं सामान बांधलं. तो डावीकडे, गवतात उभा होता. तिनं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

विक्रीचा कागद मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे आणि असे कागद लिहिताना मला सुख होतं. तिनं तो हातात घेतला, ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचला, आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"तारीख राह्यली, साहेब. आन साक्षीदार म्हनून तुमची सही राह्यली. दोन्ही एकदमच सांगून देते, नाहीतं तुमाले दुसरी चक्कर पडन."

तिनं हे कसलाही आवाज न चढवता सांगितलं. मी तारीख टाकली, सही केली, आणि कागद सरकवताना तिचा हात पाहिला. काळ्या मण्यांची बांगडी, अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण. माझ्या खिडकीच्या फटीतून तो हात मी पाहिला होता.

तुम्ही मला ओळखता का, असं मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तुमच्या खिडकीत चार चकरा झाल्या माह्या. चौथ्यांदा तुमी म्हनले, रहिवासी दाखला सहा महिन्यांच्या वर झाला. पयल्या चकरेत तो नवाच होता."

अपघातात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना जी सरकारी मदत मिळते, तिचा अर्ज होता तो. मदत आली की गाडीचा मागचा भाग बांधून घ्यायचा, चालवायला आपल्या भावाला बसवायचं आणि गाडी रस्त्यावर लावायची, असं तिनं ठरवलं होतं. इंजिन रोज सकाळी चालू करायचं ते यासाठी. विकण्यासाठी नाही. चौथ्या चकरेनंतर तिनं भंडाऱ्याचा नाद सोडला आणि इंजिन विकायचं ठरवलं. हे ती मला सांगत नव्हती, माझ्या भावाला सांगत होती, कारण त्यानं विचारलं होतं की इतकं जपलेलं विकता कशाला.

मी तिथं उभा होतो. तीन रविवार मी नागपूर पालथं घातलं होतं, आणि जिल्ह्यातलं सगळ्यांत चांगलं इंजिन माझ्या भावाला मिळत होतं ते माझ्याच लाल शाईमुळे. मी वेळेत सही केली असती तर ते विकायला निघालंच नसतं. मला तेव्हाच बोलता आलं असतं. फाईल मी उद्या काढतो, तुम्ही इंजिन ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. पण लग्नं नऊ दिवसांवर आली होती. मी गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणं मी कोणाच्या नावावर टाकू शकत नाही.

बोलला तो भाऊ. "ताई, थांबाचं असन तं थांबा. आमचं पाहून घेऊ आमी."

"थांबूनच दीड वर्स झालं, भाऊ," ती म्हणाली, आणि किल्ली कमरेतून काढून त्याच्या हातावर ठेवली. किल्लीचा आम्हाला काही उपयोग नव्हता. आमच्या गाडीची किल्ली वेगळी. तरी भावानं ती घेतली.

आम्ही सिहोऱ्याला परतलो. त्या दिवशी माझी पिशवी मीच उचलली.

सोमवारी फाईल काढली. चार ठिकाणी लाल शाई होती, अक्षर सुरेख. खरी गोष्ट ही की चारही त्रुटी नियमाला धरून होत्या. एकही खोटी नव्हती, आणि चारही पहिल्याच दिवशी एका ओळीत लिहिता आल्या असत्या. ताजा दाखला आणायला मी रजा टाकून आंबागडच्या ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या माणसानं मला सांगितलं की घरपट्टीची पावती हवी. पावती नेली तर आधारची प्रत हवी. मी त्याला म्हणालो, एकदम सगळं का सांगत नाही? तो माझ्याकडे दयेनं पाहत राहिला. माझी सही झाल्यावर फाईल वरच्या टेबलावर गेली. तिथं माझ्यासारखेच शिकलेले लोक बसतात. त्यांनीही एकेक करून त्रुटी काढल्या. मी फाईल हातात घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो, आणि जिल्ह्यात असलं काम करणारा पहिला कारकून म्हणून माझी बरीच थट्टा झाली.

भावाची गाडी तोवर पळत होती. लग्नं वेळेवर झाली. एका वधूपित्यानं विचारलं की इंजिन कोणत्या गाडीचं, आणि भावानं खरं सांगितलं. वधूपिता दोन दिवस विचारात होता आणि मग त्यानं आमचीच बिछायत ठेवली, कारण दुसऱ्या बिछायतवाल्याच्या खुर्च्या मोडक्या होत्या. भाऊ अजून डाव्या बाजूनंच दोर बांधतो. घाई असली तर आधी गाडी शेतात घालतो. लोक हसतात. तिची किल्ली आईनं घरात खिळ्याला लावून ठेवली आहे.

मदत मंजूर झाली तेव्हा भातकापणी संपत आली होती. ती सहीसाठी आली. जाळीतून या वेळी मी वर, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं सही केली, खाली तारीख टाकली, कागद फटीतून आत सरकवला आणि हात तिथंच फटीवर ठेवून उभी राहिली. सवयीनं मी कागद वरून खालपर्यंत वाचला. मागे रांग होती, तरी ती हलली नाही.

"काही राह्यलं काय, साहेब?"

नाही, मी म्हणालो. काहीच राहिलं नाही.

तरीही ती लगेच गेली नाही. इंजिन नीट चालतं ना, असं तिनं विचारलं. चालतं, मी सांगितलं.

"हिवाळा लागला आता. सकाळी किल्ली अर्धी फिरवून थांबाले सांगजा. दहापर्यंत मोजाचं, इंजिन आतून गरम होऊ द्याचं, मंगच पूर्न फिरवाची."

संध्याकाळी मी भावाला फोन करून ते सांगितलं. तो म्हणाला, ते त्याला माहीत आहे, तो रोज मोजतो.